पेल्याआड गेलेला पुजारी

ब्रायन मुरारेस्कू यांचं ‘द इम्मॉर्टॅलिटी की’ २०२० साली आलं. माझ्या ओळखीतल्या बऱ्याच जणांनी हे पुस्तक वाचण्याआधी ऐकलं. जो रोगनच्या पॉडकास्टवर लेखक येऊन गेला, त्याच्या क्लिप्स फिरल्या आणि एक गोष्ट सगळ्यांच्या डोक्यात पक्की बसली: ग्रीक लोक एल्युसिस नावाच्या ठिकाणी जायचे, तिथे काहीतरी प्यायचे आणि मरणाची भीती घालवून परत यायचे. त्या पेयात काय होतं, हे दोन हजार वर्षं दडवलेलं गुपित आता विज्ञान उघडणार आहे, असा पुस्तकाचा एकूण सूर आहे.

पुस्तक मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा एका रात्रीत, कारण ते तसंच लिहिलंय. दुसऱ्यांदा प्लूटार्क आणि आंदोकिडीस यांची इंग्रजी भाषांतरं शेजारी ठेवून. दुसऱ्या वाचनात जाणवलं की या कथेतून एक माणूस गायब झालाय. जवळजवळ हजार वर्षं ज्याच्याशिवाय एल्युसिसचा विधी होऊच शकला नाही, तो पुजारी. पुस्तकात त्याच्या जागी पेला आहे.

आधी पुस्तकाची बाजू नीट मांडतो. मुरारेस्कू पेशाने वकील आहेत, ग्रीक, लॅटिन आणि संस्कृत शिकलेले. आपण स्वतः सायकेडेलिक कधीच घेतलेलं नाही, असं ते आवर्जून सांगतात, आणि ते सांगणं पुस्तकाच्या कामीही येतं. मूळ कल्पना त्यांची नाही. १९७८ साली गॉर्डन वॉसन, आल्बर्ट हॉफमन आणि कार्ल रक या तिघांनी ‘द रोड टू एल्युसिस’ लिहिलं. हॉफमन म्हणजे ज्यांनी १९३८ मध्ये एलएसडी पहिल्यांदा तयार केलं ते रसायनशास्त्रज्ञ. धान्यावर वाढणाऱ्या अर्गट या बुरशीतल्या द्रव्यांवर काम करताना त्यांना ते मिळालं. एल्युसिसच्या पेयात बार्ली होती आणि बार्लीवर अर्गट येऊ शकतं, एवढ्या धाग्यावर तिघांनी आपली थिअरी उभी केली. विद्यापीठांतून तिला फारसा मान मिळाला नाही. मुरारेस्कू यांनी या थिअरीला पुरातत्त्वाची जोड द्यायचा प्रयत्न केला. त्यांचा सगळ्यात ठोस पुरावा स्पेनमधल्या कॅटलोनियातला. मास कास्तेलार दे पोन्तोस इथे ग्रीक प्रभावाखालच्या एका घरगुती देवस्थानात छोट्या भांड्यात आणि एका जबड्याच्या दातांवरच्या थरात अर्गटचे अंश सापडले होते. हा शोध खराच रंजक आहे. पण तो भूमध्य समुद्राच्या दुसऱ्या टोकाचा. एल्युसिसच्या एकाही भांड्यातून अर्गट हाती लागलेलं नाही, आणि पुस्तकही ते लपवत नाही. थ्रिलरच्या वेगात आपण ते वाक्य ओलांडून पुढे जातो, एवढंच.

रसायनशास्त्राच्या वादात मी पडणार नाही. समजा, उद्या एल्युसिसच्याच मातीतल्या पेल्यात अर्गट सापडलं. तरी हा विधी काय होता हे आपल्याला कळेल का? मला वाटतं, फारच थोडं कळेल.

इथे शब्दाचीच अडचण येते. मी ‘पुजारी’ म्हणतोय, पण एल्युसिसच्या मुख्य माणसाला आपला कुठलाच शब्द नीट बसत नाही. तो होम करणारा भटजी नव्हता, देवळातला गुरव नव्हता, प्रवचन देणारा बुवा तर नव्हताच. त्याला ग्रीकमध्ये हिएरोफंट म्हणत: पवित्र वस्तू दाखवणारा. तो युमोल्पिद घराण्यातलाच असावा लागे आणि एकदा नेमला की मरेपर्यंत पदावर राही. दुसरं घराणं केरिकांचं. त्यांच्यातून दादूख म्हणजे मशालधारी येई, आणि पवित्र घोषणा करणारा भालदारही येई. या पुरुषांशिवाय डिमीटरची पुजारीण होती, हिएरोफंटच्या बरोबरीने काम करणाऱ्या दोन स्त्रिया होत्या, आणि प्रत्येक नवख्याला हाताशी धरून नेणारे मिस्तागोग होते. केविन क्लिंटन यांनी १९७४ साली या सगळ्या पदाधिकाऱ्यांची शिलालेखांवरून नोंद करणारं एक आख्खं पुस्तक लिहिलं. ते कुणी रात्रभर जागून वाचणार नाही, पण एल्युसिसबद्दल खात्रीने जे सांगता येतं त्यातलं बरंचसं तिथे सापडतं.

हे सगळे मिळून करायचे काय? दरवर्षी शरदाच्या सुरुवातीला, ग्रीक बोएद्रोमिऑन महिन्यात, आधी अथेन्समध्ये जाहीर घोषणा होई. ज्याला ग्रीक समजतं आणि ज्याच्या हातांना खुनाचं रक्त नाही त्याने यावं. बाई, पुरुष, गुलाम, परगावचा, कुणीही. मग समुद्रस्नान, यज्ञ, उपास, आणि अथेन्सपासून एल्युसिसपर्यंत वीसेक किलोमीटरची पायी मिरवणूक. रात्री टेलेस्टेरिऑन नावाच्या सभागृहात सगळे गोळा होत. ही वास्तू जवळपास पन्नास मीटर लांब-रुंद होती. बेचाळीस खांब, चारही बाजूंनी पायऱ्यांच्या रांगा, हजारो माणसं मावतील एवढी जागा. आत एक छोटी बंद खोली होती. तिच्यात फक्त हिएरोफंट जाऊ शके आणि तिच्याजवळच त्याचं आसन असे. आत जे घडे त्याचे ग्रीकांनीच तीन भाग केलेले: केलं जाणारं, बोललं जाणारं आणि दाखवलं जाणारं. दीक्षा घेणाऱ्याने काही शिकायचं नसतं, त्याने काहीतरी अनुभवायचं असतं, अशा अर्थाचं अ‍ॅरिस्टॉटलचं एक निरीक्षण पुढच्या एका लेखकामुळे टिकलंय. पेयवादी मंडळी ते वारंवार आधाराला घेतात: बघा, अनुभव! पण शिकवण नसलेला अनुभव म्हटल्यावर तो रसायनाचाच असणार, हे कुठून आलं? नाटक बघून आलेल्या माणसाला आपण काय शिकलास असं विचारत नाही. पहिला मोठा शोकांतिकाकार इस्किलस एल्युसिसचाच, आणि रंगमंचावर गुपित फोडल्याचा आरोप त्याच्यावर झाला होता, हे काही उगाच नाही.

आता पेय. होमरच्या नावावर असलेलं डिमीटरचं स्तोत्र हे आपलं सगळ्यात जुनं साधन. त्याची एकमेव जुनी हस्तलिखित प्रत १७७७ साली मॉस्कोत सापडली. मुलगी हरवलेली डिमीटर म्हातारीच्या वेषात राजाच्या घरी येते, तिला लाल वारुणी देऊ करतात, ती नको म्हणते आणि पाणी, बार्लीचं पीठ आणि पुदिन्याच्या जातीचं एक झुडूप एकत्र करून द्यायला सांगते. हाच किकेऑन. दीक्षा घेणारे उपास सोडताना तो पीत, असं नंतरचा एक ख्रिस्ती लेखकही नोंदवतो. म्हणजे पेय होतंच. पण स्तोत्राच्या शेवटी देवी गावच्या प्रमुखांना विधी सोपवते तेव्हा ती काय करते? पाककृती देत नाही. पाककृती तर कवीने मध्येच, कुणीही ऐकावी अशी, उघड सांगून टाकलेली आहे. तिथे युमोल्पोसचं नाव येतं, ज्याच्यापासून पुढचं पुजारी घराणं स्वतःला मोजतं, आणि त्याला ती पवित्र विधी कसा करायचा ते दाखवते. ते मात्र कवी सांगत नाही. कुठली गोष्ट उघड आहे आणि कुठली झाकलेली, याकडे आधी बघावं. किकेऑन झाकलेला नव्हता. बार्लीला कोणती बुरशी लागली होती ते तेवढं झाकलं असेल, असा युक्तिवाद करता येतो, पण मग स्तोत्राचा आधार घेता येत नाही.

या सगळ्याची खरी कसोटी इ.स.पू. ४१५च्या प्रकरणात लागते. अल्किबायडीस हा अथेन्सचा लाडका, देखणा, श्रीमंत आणि बेभरवशाचा सेनापती. सिसिलीच्या मोहिमेवर निघायच्या सुमारास त्याच्यावर आरोप आला की एका मित्राच्या घरी त्याने रहस्यविधींची नक्कल केली. ‘द रोड टू एल्युसिस’पासून चालत आलेलं वाचन असं, की बड्या घरची पोरं ते पवित्र पेय घरच्या पार्टीत पीत होती, आणि शहर खवळलं ते त्यावर. ऐकायला हे फार पटतं. आजच्या कुठल्याही महानगरातली बातमी वाटते.

पण प्लूटार्कने आरोपपत्राचा मजकूर जपून ठेवलाय, आणि त्यात पेयाचा शब्दही नाही. त्यात आहे ते असं: अल्किबायडीसने हिएरोफंट घालतो तसला झगा घातला, स्वतःला हिएरोफंट म्हणवून घेतलं, एका मित्राला मशालधारी केलं, दुसऱ्याला भालदार, उरलेल्यांना दीक्षित म्हणून हाक मारली, आणि युमोल्पिद, केरिक आणि एल्युसिसच्या पुजाऱ्यांनी घालून दिलेल्या नियमांविरुद्ध पवित्र गोष्टी दाखवल्या. गुन्हा आहे तो पद बळकावल्याचा. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. तिथे एखादी सिस्टिम समजून घ्यायची असेल तर तिच्यात काय साठवलंय याआधी कुणाला काय करायची परवानगी आहे हे बघितलं की बरंच उलगडतं. अथेन्सच्या लोकांनीही परवानगीवरच बोट ठेवलं. झगा, नाव, आवाज, दाखवण्याचा अधिकार: या चार गोष्टी घरी नेल्या की रहस्यविधी घरी गेला. पेला नेला की नाही, हे विचारायचंही कुणाला सुचलं नाही.

पुढची गोष्ट मुरारेस्कूंच्या पुस्तकात असती तर मला फार आवडलं असतं. अल्किबायडीसला गैरहजेरीत मृत्युदंड झाला, मालमत्ता जप्त झाली, आणि सगळ्या पुजाऱ्यांनी आणि पुजारिणींनी त्याला जाहीर शाप द्यावा असा ठराव झाला. थिआनो नावाच्या एका पुजारिणीने नकार दिला. आपण पुजारीण आहोत त्या प्रार्थना करायला, शाप द्यायला नाही, असं तिचं म्हणणं. आठ वर्षांनी तोच अल्किबायडीस विजयी होऊन परतला तेव्हा शाप मागे घ्यायची वेळ आली. बाकीच्यांनी तो घेतला. हिएरोफंट थिओडोरसने मात्र सांगितलं की त्याने शहराचं वाईट केलं नसेल तर मी त्याला शाप दिलेलाच नाही. काय उत्तर आहे! शब्द परत घेतला नाही, सत्तेला दुखावलंही नाही, आणि शाप लागू आहे की नाही ते अल्किबायडीसच्याच वागण्यावर सोडलं. अशी वाक्यं रसायनातून येत नाहीत. ती पिढ्यान्‌पिढ्या पद सांभाळलेल्या घरातून येतात.

आणि हे पद सर्वशक्तिमान होतं असंही नाही, हे दुसऱ्या एका खटल्यातून दिसतं. इ.स.पू. ४००च्या आसपास आंदोकिडीस नावाच्या वक्त्यावर, बंदी असताना रहस्यविधींना हजर राहिल्याचा खटला चालला. त्याचं बचावाचं भाषण आपल्याकडे पूर्ण आहे. (अर्थात आरोपीनेच सांगितलेली गोष्ट, तेव्हा मीठ लावून घ्यावी.) विधी संपल्यावर अथेन्सच्या परिषदेची बैठक देवस्थानात भरली होती. वेदीवर कुणीतरी याचनेची फांदी ठेवली होती, जी तेव्हा ठेवणं निषिद्ध. कॅलिअस हा मशालधारी, शहरातल्या अतिश्रीमंत घरचा, पूर्ण पोशाखात उभा राहिला आणि म्हणाला की पूर्वजांच्या नियमाप्रमाणे असं करणाऱ्याला खटल्याविना ठार करावं, माझ्या वडिलांनी हा नियम पूर्वी सांगितलेला आहे, आणि फांदी आंदोकिडीसने ठेवलीय असं मी ऐकलंय. सभेतून केफालस नावाचा माणूस उठला. त्याने कॅलिअसला दोन गोष्टी सुनावल्या. एक, तू केरिक घराण्यातला, नियमाचा अर्थ सांगायचा हक्क युमोल्पिदांचा, तुझा नाही. दोन, तू ज्या दगडी शिळेशेजारी उभा आहेस तिच्यावर या गुन्ह्याला हजार द्रख्मा दंड लिहिलाय, मृत्यू नाही. शिळा वाचली गेली. कॅलिअस गप्प.

हे दृश्य मला टेलेस्टेरिऑनच्या कुठल्याही काल्पनिक वर्णनापेक्षा जास्त जिवंत वाटतं. भरजरी झग्यातला वंशपरंपरागत पुजारी ‘आमच्या बापजाद्यांपासून असंच चालत आलंय’ म्हणून एका माणसाचा जीव मागतोय, आणि कुणीतरी त्याला शेजारचा दगड वाचायला लावतंय. न लिहिलेला नियम आणि लिहिलेला नियम, एक घराणं आणि दुसरं घराणं, पुजारी आणि परिषद, या सगळ्यांची ओढाताण हीच एल्युसिसची रचना होती. गुपित आतल्या खोलीत होतं, पण गुपिताभोवतीचे हक्क दगडावर कोरून चौकात उभे केलेले होते. कोणत्या पदाधिकाऱ्याने दीक्षितांकडून किती ओबोल घ्यायचे, याचाही अथेन्सने पाचव्या शतकातच ठराव करून शिलालेख लावला. इ.स.पू. ३२९-२८च्या हिशेबात सरकारी मालकीच्या दोन गुलामांच्या दीक्षेला तीस द्रख्मा खर्च पडल्याची नोंद आहे. मोक्षाचा दर, पावतीसकट.

स्त्रियांच्या बाबतीत मात्र मुरारेस्कूंशी माझं खरं भांडण आहे. त्यांच्या मांडणीत स्त्रिया महत्त्वाच्या आहेत, आणि हेतू चांगला आहे: पुरुषी चर्चने पुसून टाकलेल्या, औषधी जाणणाऱ्या, गुप्त पेय जपणाऱ्या बायकांची परंपरा ते शोधतात. पण यात बाईला पुन्हा स्वयंपाकघरातच उभं केलं जातं. तिचं मोठेपण कशात, तर रेसिपीत. खरी एल्युसिसची पुजारीण याहून खूप ठसठशीत आहे. डेमॉस्थेनीसच्या नावावर असलेल्या, निआयरा या स्त्रीविरुद्धच्या भाषणात एक उदाहरण येतं. हालोआ नावाच्या सणाच्या दिवशी अर्किअस या हिएरोफंटने सिनोपी नावाच्या गणिकेने आणलेला पशू बळी दिला. त्या दिवशी बळी निषिद्ध होता, आणि तिथला यज्ञाचा अधिकार त्याचा नव्हता, पुजारिणीचा होता. अर्किअस मोठ्या घरचा, मित्रांचा गोतावळा मोठा. तरी न्यायालयाने त्याला पाखंडाच्या आरोपात दोषी ठरवलं. सगळ्यात वरच्या पदावरचा पुरुष एका बाईच्या हद्दीत शिरला म्हणून शिक्षा झाली, आणि ती अशा शहरात, जिथे बाईला मतही नव्हतं. हा अधिकार कुठे लपलेला नव्हता. जाहीर होता, सगळ्यांना ठाऊक होता, कोर्टात सिद्ध करता येत होता. गुप्त परंपरेचा रोमान्स हवा असला की उघड्यावरचा अधिकार दिसेनासा होतो.

वॉल्टर बुर्कर्ट यांचं ‘एन्शन्ट मिस्ट्री कल्ट्स’ (१९८७) हे छोटं पुस्तक या बाबतीत फार उपयोगी आहे. रहस्यविधी म्हणजे स्वतंत्र धर्म नव्हे, असं ते बजावतात. आणि ते चालवणारे तीन तऱ्हांचे: देवस्थानाला बांधलेले पुजारी, भक्तांची मंडळं, आणि गावोगाव फिरणारे धंदेवाईक. एल्युसिस पहिल्या प्रकारातलं. तिसऱ्या प्रकाराचं चित्र प्लेटोने ‘रिपब्लिक’मध्ये काढलंय. भिक्षेकरी पुजारी आणि ज्योतिषी श्रीमंतांच्या दारात जाऊन, ऑर्फियसच्या नावाच्या पोथ्यांचा ढीग दाखवून, केलेल्या पापातून आणि मेल्यानंतरच्या यातनांतून सुटका विकतात. थिओफ्रास्टसचा अंधश्रद्धाळू माणूस तर दर महिन्याला बायकोमुलांना घेऊन अशाच एकाकडे जातो. डेमॉस्थेनीस आपल्या राजकीय शत्रूला हिणवताना म्हणतो की तुझी आई असल्या दीक्षा द्यायची आणि तू शेजारी उभा राहून पोथी वाचायचास. १९६२ साली देर्वेनी इथे सापडलेल्या जळक्या पपायरसचा अनाम लेखक अधिक खोल बोलतो. पैसे मोजून, विधी उरकून, काहीच न कळता आणि काही न विचारता घरी जाणाऱ्या लोकांची त्याला कीव येते. तिथे पुजारी आहे, पण त्याला उत्तरदायी धरणारं शहर नाही.

इजिप्तमधल्या चौथ्या टॉलेमीने यावर इ.स.पू. तिसऱ्या शतकाच्या अखेरीस जो उपाय काढला तो वाचून मी हसलो होतो. डायोनायससच्या दीक्षा देणाऱ्या सगळ्यांनी अलेक्झांड्रियाला येऊन नाव नोंदवावं, हा विधी आपल्याला कुणाकडून मिळाला ते तीन पिढ्यांपर्यंत सांगावं, आणि आपली पवित्र पोथी मोहोरबंद करून, वर नाव लिहून जमा करावी. थोडक्यात, राजाला केवायसी हवं होतं. पण त्याने प्रश्न बरोबर विचारलाय: तुझ्याकडे काय आहे यासोबत, तुला ते दिलं कुणी?

मुरारेस्कूंच्या पुस्तकाला हा प्रश्न पडत नाही, आणि माझ्या मते त्याच्या लोकप्रियतेचं कारणही तेच. मधला माणूस नको, थेट अनुभव हवा, ही आमच्या पिढीची मागणी आहे. ती कुठून आली हे समजणं अवघड नाही. जन्माने मिळालेल्या पुजारीपणाने माणसांना किती छळलं हे आपल्याला ग्रीसकडून शिकायची गरज नाही. त्यामुळे पुजारी काढून टाकलेलं एल्युसिस आपल्याला स्वच्छ वाटतं. गोळी घ्या, मरणाला भेटा, परत या. पण पुजाऱ्याला काढल्यावर त्याचं काम नाहीसं होत नाही. ते दुसरं कुणीतरी करू लागतं: पॉडकास्टर, रिट्रीट चालवणारी कंपनी, किंवा स्वतः लेखक, जो आपल्याला लूव्रच्या आणि व्हॅटिकनच्या दालनांतून हाताशी धरून नेतो आणि शेवटी काहीतरी दाखवण्याचं वचन देतो. पुस्तकात मिस्तागोग आहेच. फक्त त्याच्या शेजारी दगडी शिळा नाही.

एल्युसिसला मी सोज्वळ करत नाहीये. इ.स.पू. २००च्या सुमारास अकार्नेनियाचे दोन तरुण, दीक्षा न घेतलेले, गर्दीबरोबर चुकून देवस्थानात शिरले. आत त्यांनी भलतेच प्रश्न विचारले आणि ते पकडले गेले. त्यांना पुजाऱ्यांपुढे उभं केलं. चूक अजाणता झाली हे उघड होतं, लिव्ही तसं स्पष्ट लिहितो. तरी त्यांना ठार केलं. त्यावरून अकार्नेनियाने मॅसेडोनियाच्या राजाची मदत घेऊन अथेन्सच्या प्रदेशावर हल्ला चढवला. हजार द्रख्मांची शिळा वाचायला लावणारा केफालस त्या दिवशी तिथे नव्हता. ज्या व्यवस्थेत गुपिताला इतकी किंमत असते तिथे दोन पोरांचा प्रश्न विचारणं हाच गुन्हा ठरू शकतो. पेयाच्या थिअरीला या दोन पोरांचं काहीच सुचत नाही. ते काही प्यायले नव्हते. त्यांनी फक्त पाहिलं, तेही न सांगता.

पाहणं आणि ऐकणं, तिथे सगळं याच्यावरच होतं. युमोल्पोस या नावाचाच अर्थ चांगला गाणारा. रोमन काळातला फिलोस्ट्रॅटस एका हिएरोफंटबद्दल लिहितो तेव्हा आधीच्या हिएरोफंटांशी त्याच्या आवाजाची तुलना करतो, जसं आपण गायकांचं बोलतो: आवाज तितका गोड नव्हता, पण भारदस्तपणात आणि पोशाखात हा सरस. हजारो माणसं अंधारात बसलेली, उपाशी, वीस किलोमीटर चाललेली, आणि एक म्हातारा बंद खोलीचं दार उघडून उजेडात येतो. शेवटी तो शांतपणे कापलेलं धान्याचं एक कणीस दाखवत असे, असं एक ख्रिस्ती विरोधक लिहितो. ते खरं असेल नसेल. पण समजा कणीसच असलं, तर ते कणीस म्हणून कुणाला घाबरवणार किंवा धीर देणार? त्या हातात, त्या क्षणी, त्या आवाजानंतर ते वेगळं होत असणार. यातलं काहीही प्रयोगशाळेत नमुना म्हणून पाठवता येत नाही, आणि मुरारेस्कूंची खरी पंचाईत तीच आहे.

त्या माणसाचं नाव मात्र घ्यायचं नसे. रोमन काळात तर पद स्वीकारल्यावर हिएरोफंटचं जुनं नाव जायचं. एका हिएरोफंटच्या शिलालेखात तो वाचणाऱ्याला बजावतो की माझं नाव विचारू नका, ते विधीच्या नियमाने समुद्रात गेलं. मेल्यावर मुलांनी ते पुन्हा सांगायचं. लुशियनच्या एका विनोदी लिखाणात तर हिएरोफंट आणि मशालधारी यांना नावाने हाक मारली म्हणून एकाला ओढत कोर्टात नेलं जातंय.

एल्युसिसचा शेवट आपल्याला सांगतो युनापिअस, सार्डिसचा, चौथ्या शतकाच्या अखेरीस लिहिणारा, जुन्या देवांच्या बाजूचा. त्याने स्वतः दीक्षा घेतली होती. तो लिहितो की त्याच्या हिएरोफंटने आधीच सांगून ठेवलं होतं: माझ्यानंतर या आसनावर बसेल तो युमोल्पिद नसेल, अथेन्सचाही नसेल. तसंच झालं. पुढचा आला तो थेस्पीचा होता, आणि मिथ्रसच्या पंथातला ‘पिता’, म्हणजे दुसऱ्या देवांना शपथ वाहिलेला. मग ३९५-९६च्या सुमारास अलारिकचे गॉथ थर्मोपिलीच्या खिंडीतून आले, काळे कपडे घातलेल्या माणसांनी त्यांना वाट दाखवली असं तो कडवटपणे म्हणतो, आणि देवस्थान संपलं.

देवस्थान पडलेलं, आसन रिकामं, शिक्षा करायला अथेन्सची परिषद उरलेली नाही. इथे तरी युनापिअसने आपल्या हिएरोफंटचं नाव सांगायला हरकत नव्हती. तो लिहितो की त्या वेळी हिएरोफंट कोण होता हे मला सांगता येत नाही, कारण मला दीक्षा त्यानेच दिली.